आलं, शेवटच्या बाकापर्यंत

मोठ्या बाईंना भेटायला कुणी आलं की त्याला त्यांचं ऑफिस सापडे, बाई सापडत नसत. दार सताड उघडं, पंखा चालू, टेबलावर पाण्याचा पेला झाकलेला आणि खुर्ची रिकामी. मग आमच्या शिपाई मावशी बाहेर येत, वरच्या मजल्याकडे बोट करत आणि म्हणत, "आज दुसरीत आहेत. शेवटचा बाक. खिडकीकडे एक पोरगं झोपलेलं दिसेल, त्याच्या शेजारी."

बाई रोज एका वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसत. "इथून शाळा कशी दिसते ते बघते," म्हणत. अंगाने त्या चांगल्याच भरलेल्या होत्या आणि बाक सहा-सात वर्षांच्या मुलांच्या मापाचे. एकदा शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले, तेव्हा बाई पहिलीच्या बाकात अडकून बसल्या होत्या. उठता येईना. पण चेहरा असा की जणू मुद्दामच बसल्यात. साहेबांना म्हणाल्या, "या, इथेच बोलू." साहेब शेजारच्या बाकावर बसले. त्यांचे गुडघे हनुवटीला लागले.

"साहेब, फळा दिसतो का?"

"अर्धाच दिसतोय. मध्ये खांब येतो ना."

"मग तेवढं लिहा तुमच्या अहवालात. मी सांगून थकले, संस्थेला माझं खरं वाटत नाही."

पुढच्याच आठवड्यात फळा सरकला. बाईंना बाकातून बाहेर काढायला मात्र त्या दिवशी मी, मावशी आणि साहेबांचा ड्रायव्हर असे तिघे लागलो. पहिलीचा सगळा वर्ग टाळ्या वाजवून "हैशा" म्हणत होता, आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होत्या त्या स्वतः बाई.

मी या शाळेत आलो तो एका तालुक्याच्या गावातून. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. वडील गुळाच्या अडत्याकडे हमाल होते. गावातल्या प्राथमिक शाळेने मला उचललं, गुरुजींनी घरी बोलावून शिकवलं, आणि मी शिक्षक झालो. त्यामुळे लालबागच्या त्या शाळेत नेमणूक मिळाली तेव्हा मी अगदी देवळात शिरावं तसा चपला बाहेर काढून शिरलो होतो. मावशी ओरडल्या, "सर, चपला घाला! इथे कुत्रा पळवतो."

एका अंगाला चाळ, दुसऱ्या अंगाला गिरणी पाडून उभा राहिलेला टॉवर, आणि मधल्या फटीत आमची शाळा. चाळीतली मुलं येत, टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्यांची येत, शिवडीकडून कोळ्यांची येत, आणि "आम्ही पण इथेच शिकलो" म्हणत काही ऑफिसवाले हौसेने मुलांना घालत, त्यांचीही येत.

माझा पहिला तास तिसरीवर होता. विषय अपूर्णांक. मी गावाहून कागदी गोल कापून आणले होते. गोलाचे चार भाग केले, प्रत्येक भागाला पाव म्हणायचं असं सांगितलं, चार पाव जोडले, एक झाला. शिकवताना माझ्याच अंगावर काटा आला. शेवटी विचारलं, "समजलं का?"

"होऽऽऽ!" सगळा वर्ग.

मला गावच्या शाळेची आठवण झाली. डोळे भरून आले. तेवढ्यात मागून आवाज आला, "माका नाय आला."

शेवटच्या बाकावर मोठ्या बाई. मी त्यांना पाहिलंच नव्हतं. बाई मूळच्या मालवणकडच्या. रंगात आल्या की मालवणी सुरू होई. वर्गाने एकदम टाळ्या वाजवल्या. मला कळेना, या टाळ्या कशाच्या. नंतर कळलं, या शाळेत "नाही आलं" म्हणणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायची पद्धत होती.

मी पुन्हा समजावलं. बाई म्हणाल्या, नाय. मी तिसऱ्यांदा समजावलं. बाईंच्या शेजारी भाविका नावाची एक मुलगी बसली होती, दोन वेण्या, एक सुटलेली. बाईंना अशी सोबत मिळाल्यावर तिलाही धीर आला. ती उभी राहून म्हणाली, "सर, चार पाव म्हणजे एक काय?"

"एक पूर्ण."

"चार पाव म्हणजे चार पाव ना. एक लादी पण नाय होत. लादीत सहा येतात."

मग सगळा वर्ग उसळला. "हो सर, सहा!" "आमच्या इथे आठवाली पण मिळते!" "सर, चार पाव आणले तर आई परत पाठवते!" म्हणजे आत्ता ज्यांनी घसा फोडून "हो" म्हटलं होतं, ते सगळेच्या सगळे बेकरीत उभे होते आणि मी एकटा गणितात.

बाईंनी पर्समधून आल्याचा एक तुकडा काढला. चांगला बोटभर, फांद्या फुटलेला. "आता नीट आलं पाहिजे," म्हणाल्या, आणि तो माझ्या हातात दिला.

हे त्यांचं आलं म्हणजे शाळेचा कायदा होता. ज्याला धडा आला, त्याने आलं हातात घ्यायचं आणि शेजाऱ्याला समजावून सांगायचं. शेजाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगितलं की आलं त्याच्या हातात. असं ते बाकावरून बाकावर सरकायचं. कुणी नुसतंच "आलं, आलं" म्हणालं तर बाकीची पोरं ओरडत, "कुठाय? दाखव!" आलं शेवटच्या बाकावर पोचलं की धडा संपला. घंटा झाली म्हणून धडा संपला असं बाईंच्या राज्यात नव्हतं. आणि दिवसभर अख्ख्या वर्गाच्या हातांतून फिरलेलं ते आलं संध्याकाळी धुऊन, किसून आमच्या चहात पडे. त्या चहाला पेन्सिलीचा वास यायचा. मी आजवर इतका चांगला चहा प्यायलो नाही.

त्या वेळी आलं दोन दिवस फिरलं. माझा अपूर्णांक शेवटी एका मुलाने सोडवला: "एक पाव चौघांनी खाल्ला तर प्रत्येकाला पावाचा पाव." आजही मला यापेक्षा चांगलं सांगता येत नाही.

चहाच्या वेळी बाई आम्हा शिक्षकांना एकच प्रश्न विचारत, "आज कुणाचं राहिलं?" काय शिकवलं हे त्या कधी विचारत नसत. मी सुरुवातीला सांगायला जाई की बाई, आज भागाकार शिकवला. त्या म्हणत, "शिकवलंत म्हणजे वाढलंत. जेवलं कोण ते सांगा." "कुणाचंच राहिलं नाही" असं कुणी म्हटलं तर त्याला दुसरा कप मिळत नसे. थाप मारणाऱ्याला कशाला चहा, असा हिशेब.

वर्गांच्या तुकड्यांना त्यांनी अ आणि ब म्हणू दिलं नव्हतं. एकीचं नाव चिंच, दुसरीचं आवळा. दर जूनला चिठ्ठ्या टाकून मुलं वाटायची. तरीही पालक यायचे आणि खालच्या आवाजात विचारायचे, "बाई, खरं सांगा, हुशार मुलं चिंचेत असतात की आवळ्यात?" बाई त्याहून खालच्या आवाजात सांगत, "कुणाला बोलू नका. लोणच्यात."

एकदा मी त्यांना माझ्या गावच्या गुरुजींबद्दल भरभरून सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याबरोबर पहिलीत बसलेली बाकीची पोरं आता काय करतात?"

मी आठवायला लागलो. एक सिमेंटच्या गोदामात होता. एक ट्रॅक्टरवर. बाकीच्यांचं मला ठाऊक नव्हतं. बरेचसे चौथीनंतर दिसलेच नाहीत.

"गुरुजी देवमाणूस असतील हो," बाई म्हणाल्या. "पण ती शाळा नव्हे, लॉटरी. तुमचं तिकीट लागलं."

मला फार लागलं. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी त्या वाटेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, तिकीट लागलेल्या माणसाने निदान पेढे तरी द्यावेत." मी जाऊन पेढे आणले. काय करणार?

हे सगळं असं मजेत चाललेलं असताना आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना काळजी लागली. बँकेतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट घालणारे, हळू बोलणारे सज्जन गृहस्थ. काळजी खोटी नव्हती. मुलं इंग्रजी शाळांकडे चालली होती, आमचे बाक रिकामे होत होते. एक दाता एसी आणि मोठा पडदा द्यायला तयार होता. अध्यक्षांनी योजना काढली: चौथीतली हुशार मुलं निवडून एक विशेष तुकडी. एसी खोली, पडदा, वेगळा शिक्षक. निकाल लागतील, नाव होईल, पट वाढेल.

"आणि उरलेली?" बाईंनी विचारलं.

"उरलेली आहेत तशीच राहतील ना, बाई."

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या.

पालकांना हवं असेल तर करू, असं ठरलं. पालकसभेत हात वर करून निर्णय घ्यायचा. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आयुषच्या बाबांनी तर आधीच नारळ फोडला होता. आयुष म्हणजे आमच्याकडचा चुणचुणीत मुलगा; त्याचे बाबा फोर्टमधल्या विमा कंपनीत. ते दिवसाला एवढे मेसेज टाकत की मावशींच्या फोनला धाप लागायची. आणि अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की विशेष तुकडी झाली तर शिक्षक तुम्ही. मी घरी फोन केला. वडील म्हणाले, "एसीत शिकवणार? मग तू साहेबच झालास की रे." मला आनंद झाला, तो बाईंसमोर कुठे ठेवावा ते कळेना.

सभेच्या आदल्या दिवशी चहाला बाईंनी कुणाचं राहिलं ते विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "ही तुकडी झाली तर माझी शाळा संपली. मग ऑफिसात खुर्चीवर बसायला मी मोकळी." बाई खुर्चीवर, हे चित्रच आमच्या डोळ्यांपुढे येईना.

सभेला हॉल भरला होता. अध्यक्ष बोलले, टाळ्या पडल्या. मग बाई उठल्या. मला वाटलं, भाषण करणार, भांडणार. त्या म्हणाल्या, "कल्पना झकास आहे. आपण आत्ताच करून बघू."

प्रत्येकाला कागद-पेन्सिल वाटली. सूचना एकच: डाव्या हाताने लिहायचं, 'माझं मूल फार हुशार आहे.' जो डावखुरा त्याचं नशीब. अध्यक्षांनाही कागद, मलाही.

तुम्ही कधी एवढी मोठी माणसं एवढ्या छोट्या बाकांवर जीभ बाहेर काढून लिहिताना पाहिली आहेत? कुणी उसासे टाकत होतं, कुणी शेजारच्याचं बघत होतं. कॉपी करण्यासारखं त्यात काहीही नव्हतं, तरी बघत होतं. एका गृहस्थांनी हळूच हात बदलला, तर मागून कुणाची तरी आजी कडाडली, "बाई, ह्ये बघा! उजवा!"

बाईंनी लाल पेनने धडाधड तपासलं. ज्यांचं बरं होतं ते अ. त्यांना पंख्याखाली खुर्च्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानातले गरम बटाटेवडे. बाकीचे ब, बाकावरच. ब तुकडीशी बाई अगदी सावकाश आणि मोठ्याने बोलू लागल्या, "घाबरायचं नाही हं. तुम्हाला जमेल तेवढंच करा. पाणी बाहेर माठात आहे."

"बाई, मी बँकेत ऑफिसर आहे!" एक आई भडकली.

"असाल. डाव्या हाताने नाही."

आयुषचे बाबा ब मध्ये गेले. त्यांच्या 'हुशार'चा 'हुशर' झाला होता आणि बाईंनी त्याभोवती भलं मोठं लाल वर्तुळ काढलं होतं. आयुषची आई जन्माची डावखुरी. ती सगळ्यांत पहिली आली. ती पंख्याखाली बसून वडा खात होती.

"अगं, अर्धा दे ना इकडे."

"ब ला नाही, बाईंनी सांगितलंय."

"मी नवरा आहे तुझा!"

"मग नीट लिहायचं होतं!"

हॉल हसून हसून लोळत होता. अध्यक्षसुद्धा, ब मध्ये बसून, चष्मा काढून डोळे पुसत होते. मला वाटलं, जिंकलो. बाई म्हणाल्या, "आता हात वर करा. अशी तुकडी कुणाकुणाला हवी?"

"उजवा का डावा?" कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा. आणि त्या हशातच हात वर गेले. अ तुकडीचे सगळे. आयुषच्या आईचा तर वड्यासकट. आयुषचे बाबा मघापासून एवढे रागावलेले, त्यांचाही. ब मधल्या बऱ्याच जणांचे.

बाई बघतच राहिल्या. "अहो, तुम्हाला आत्ता वडा मिळाला नाही ना?"

"नाही मिळाला, बाई," आयुषचे बाबा म्हणाले. "पण आमच्या आयुषला मिळेल की!"

तेच सगळ्यांच्या मनात होतं. हॉलमधल्या प्रत्येकाने आपल्या मुलाला मनातल्या मनात पंख्याखाली नेऊन बसवलं होतं. ठराव पास झाला.

बाई वड्यांचे कागद गोळा करायला लागल्या. अध्यक्षांना वाईट वाटलं. भला माणूस. उठून म्हणाले, "बाई, मुलांची निवड अर्थात तुम्हीच करायची. त्यात आम्ही कुणी ढवळाढवळ करणार नाही."

बाई थांबल्या. "सगळ्यांसमोर सांगताय ना?"

"अर्थात."

"शब्द?"

"शब्द."

बाईंनी स्वतःसाठी ठेवलेला वडा उचलला आणि अध्यक्षांच्या हातात दिला. "खा, गार होतोय."

जूनमध्ये एसी बसला, पडदा लागला. पहिल्या दिवशी मी नवा शर्ट घालून विशेष खोलीत उभा राहिलो. बाई चौथीच्या वर्गांत शिरल्या आणि डोक्यांवर हात ठेवत निघाल्या: तू चल, तू चल, तू पण चल. दार उघडलं आणि माझी विशेष तुकडी आत आली. पुढे भाविका, एक वेणी सुटलेली. ती वाचायची ते अर्धं अंदाजाने, आणि भागाकार दिसला की तिला शू लागायची. तिच्या मागे आडनाव लिहिताना हमखास अडखळणारा एक. त्याच्या मागे घरी भोजपुरी बोलणारी दोन जुळी भावंडं. चौथीत ज्यांचं ज्यांचं म्हणून राहिलं होतं, ते सगळे एसीकडे तोंड वर करून उभे.

अध्यक्ष धावत आले. "बाई, हे काय? विशेष तुकडी म्हणालो होतो आपण!"

"हीच ती. ह्यांनाच विशेष लागतं. जेवत्याला कशाला आग्रह?"

"पण पालक काय म्हणतील?"

"हात वर केलेत त्यांनी. मी मोजत होते."

आणि खरं सांगायचं तर अध्यक्ष हसायला लागले. शब्द दिलेला माणूस काय करणार? नियम एकच ठरला: ज्याचं राहिलेलं भरून निघेल तो आपल्या वर्गात परत जाईल आणि रिकाम्या जागी दुसरा येईल.

मला वाटलं होतं, मोर्चा येईल. दोन मुलं नाव काढून गेलीसुद्धा. पण ऑक्टोबरच्या उकाड्यात वेगळंच सुरू झालं. एका सकाळी आयुषचे बाबा आयुषला घेऊन दारात. आतल्या थंडाव्याकडे बघत म्हणाले, "बाई, आयुष फार मागे पडलाय हो."

"अरे देवा. कशात?"

"सगळ्यातच. भागाकार तर अजिबात येत नाही."

"येतो, बाबा," आयुष म्हणाला.

"गप. नाही येत तुला."

"येतो! सातशे अठ्ठावीस भागिले सात, एकशे चार!"

"बघा," बाबा हताशपणे म्हणाले, "चुकला."

"बरोबर आहे हो," बाई म्हणाल्या. "तुम्हालाच घेऊ का आत?"

आयुषच्या बाबांनी घाम पुसला. "मग ह्याचा नंबर लागणार कधी?"

"आतली मुलं शिकून बाहेर पडली की."

"कधी पडतील?"

"ती शिकतील तेव्हा."

"मग शिकवा ना त्यांना लवकर!" आयुषचे बाबा कळवळून म्हणाले. "वाट कसली बघताय? सर, तुम्ही करताय काय? किती उरलीत अजून?"

"तुम्ही या मदतीला," बाई म्हणाल्या. "शनिवारी सुट्टी असते ना तुम्हाला?"

आणि ते आले. पहिल्या शनिवारी रागाने, दुसऱ्या शनिवारी पाटीवर लिहायला खडू घेऊन, तिसऱ्या शनिवारी आणखी दोन बाबांना आणि त्या बँकेतल्या आईला घेऊन. प्रत्येकाचं कुणी ना कुणी बाहेर रांगेत होतं. एवढ्या जिवाच्या आकांताने दुसऱ्याच्या मुलांना शिकवणारी माणसं मी पाहिली नव्हती. भोजपुरीवाली भावंडं दिवाळीपूर्वी फडाफडा वाचू लागली आणि बाहेर पडली. आडनाववाला बाहेर पडला. एकेक खुर्ची रिकामी होऊ लागली, दुसरी मुलं येऊन बसू लागली, तीही बाहेर पडू लागली.

भाविका तेवढी हलेना. आयुषच्या बाबांनी तिच्यावर तीन शनिवार खर्च केले. मासे घेतले, टोपल्या घेतल्या, समान वाटून दाखवले. ती डोळे मोठे करून ऐके आणि शेवटी मान हलवून म्हणे, नाय. एका शनिवारी मी पाहिलं, ते वहीत मुद्दाम एक उदाहरण चुकीचं सोडवत होते. आणि भाविकाने, नकळत, रबर उचलून ते खोडलं आणि बरोबर उत्तर लिहिलं.

आयुषचे बाबा ताडकन उभे राहिले. "बाई! येतंय हिला! सगळं येतंय! ही एसीसाठी नाटक करतेय!"

बाई शेवटच्या खुर्चीवरून उठल्याच नाहीत. तोंडाला पदर लावून गदगदा हलत होत्या.

भाविका मुळीच घाबरली नाही. तिने वही पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "काका, अजून एकदा सांगा ना. तुम्ही सांगता ना, ते मस्त वाटतं."

आयुषचे बाबा दारातल्या आयुषकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. आणि मग बाही वर सारून, खुर्ची जरा जवळ ओढून, पुन्हा सांगायला बसले.